संगणक प्रयोगशाळांचे कुलूप आधी काढा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत सध्या 'क्लाउड'च्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची लाट आली आहे आणि वृत्तपत्रांच्या शैक्षणिक पानांवरही त्यांच्या बातम्या व जाहिराती नियमितपणे दिसतात. अशा प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. परंतु या अभ्यासक्रमांत विद्यार्थी जे शिकतात, ते बहुतांशी एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर कोणते बटण दाबले की सर्व्हर सुरू होतो, एवढेच असते. तो सर्व्हर म्हणजे कुठल्या तरी दूरच्या यंत्रावर चालणारे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, असते. ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, कसे उभे राहते आणि बिघडले तर कोण व कसे दुरुस्त करते, याचा मागमूसही त्यांत नसतो. वास्तविक ज्या सॉफ्टवेअरवर हा व्यवसाय उभा आहे, त्याचा मोठा भाग मुक्तस्रोत आहे आणि त्यातली ओळ न् ओळ परभणीच्या किंवा धाराशिवच्या विद्यार्थ्याला कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याइतकीच खुली आहे. असे असताना आपल्या प्रयोगशाळा मात्र त्या कामाला कुलूप लावून बसल्या आहेत. मी याच क्षेत्रात नोकरी करतो आणि सध्या लातूरहून काम करतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. एका संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालवण्याची कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ सालीच 'व्हीएम/३७०' ही प्रणाली बाजारात आणली होती. पुढे १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी एखाद्या प्रोसेसरवर हे काम सरळ मार्गाने करता येईल की नाही, याची कसोटी मांडली. घरोघरी पोहोचलेला इंटेलचा एक्स-८६ प्रोसेसर त्या कसोटीला उतरत नव्हता, कारण त्याच्या काही आज्ञा कमी अधिकारात चालवल्या तर धड काम करत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत. 'पॉपएफ' ही त्यांतली सर्वांत बदनाम आज्ञा: गेस्ट प्रणाली, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणारी प्रणाली, तिच्याद्वारे इंटरप्ट (प्रोसेसरला हातचे काम थांबवायला लावणारे संकेत) बंद करू पाहते, प्रोसेसर तेवढा भाग निमूटपणे गाळतो आणि पुढे चालू लागतो. २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच यासाठी स्वतंत्र सोय केली. लगेच, ऑक्टोबर २००६ मध्ये, क्यूमरानेट या लहानशा कंपनीतील अवी किविटी यांनी 'केव्हीएम' हे लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला जोडायचे, व्हर्च्युअल मशीन चालवणारे मोड्यूल जाहीर केले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून ते कर्नलचाच भाग झाले. रेड हॅटने ती कंपनी २००८ मध्ये विकत घेतली. आज गुगलचे क्लाउड केव्हीएमवर चालते आणि अ‍ॅमेझॉननेही २०१७ पासून आपल्या नव्या सर्व्हरांसाठी केव्हीएमवर आधारलेला मार्ग धरला. मायक्रोसॉफ्टचे तेवढे वेगळे आणि स्वतःचे आहे.

किविटी यांच्या कल्पनेतील शहाणपण असे की त्यांनी व्हर्च्युअल मशीनसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली नाही. वेळेची वाटणी, मेमरीची व्यवस्था, उपकरणांचे ड्रायव्हर हे सारे कर्नलमध्ये आधीच होते. त्यांनी गेस्टचा प्रत्येक प्रोसेसर हा होस्टवरील, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रावरील, एक साधा थ्रेड (कर्नल ज्याला वेळ वाटून देतो असा कामाचा धागा) ठरवला आणि बाकीचे काम कर्नलवर सोपवले. जायकवाडीच्या कालव्यावर ज्यांचे शिवार आहे, त्यांना याची रचना पटकन कळेल: आवर्तनात आपली पाळी आली की पाणी थेट आपल्या शेतात येते, मध्ये कोणी ओंजळीने मोजून देत नाही, पाळी संपली किंवा पाटाला काही झाले की दार पुन्हा पाटकऱ्याच्या हातात. गेस्ट प्रणालीच्या आज्ञाही अशाच थेट प्रोसेसरवर पूर्ण वेगाने चालतात आणि काही ठरावीक प्रसंगी, म्हणजे इंटरप्ट आला, उपकरणाच्या एखाद्या पोर्टवर लिहायचे झाले किंवा मेमरीचे एखादे पान (ठरावीक आकाराचा तुकडा) जागेवर नसले की, ताबा कर्नलकडे परत येतो. याला 'व्हीएम एक्झिट' म्हणतात. कर्नलला जे निस्तरता येते ते तो निस्तरतो आणि उरलेले, उदाहरणार्थ डिस्क व नेटवर्क कार्डाचे सोंग, होस्टवर साध्या प्रोग्रॅमप्रमाणे चालणाऱ्या 'क्यूएमू'सारख्या सॉफ्टवेअरकडे देतो. क्यूएमू हे फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेले, तेही मुक्तस्रोत.

हे सारे वाचताना सोपे वाटते. खरा कस लागतो तो दोष शोधताना. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तो प्रोग्रॅम बंद पडतो आणि कोणत्या ओळीवर पडला तेही कळते. कर्नलमध्ये चूक झाली तर अख्खे यंत्र गोठते आणि आपले डिबगिंगचे साधनही त्याच यंत्रावर असते. व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत त्याहून वाईट म्हणजे दोष गेस्टमध्ये आहे, क्यूएमूमध्ये आहे, कर्नलमध्ये आहे की प्रोसेसरमध्ये, हेच आधी ठरवावे लागते.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. या कामातल्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येणारा एक संदेश आहे: 'एंट्री फेल्ड, हार्डवेअर एरर' आणि पुढे ८०००००२१ हा हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेला, आकडा. 'हार्डवेअर एरर' हे शब्द वाचून नवखा माणूस प्रोसेसर बिघडला असे समजतो आणि यंत्र बदलायला निघतो. आकड्यातील सुरुवातीचा ८ म्हणजे गेस्टमध्ये प्रवेशच झाला नाही, आणि शेवटचे २१ म्हणजे दशमान पद्धतीत ३३ क्रमांकाचे कारण: गेस्टची मांडलेली स्थिती नियमबाह्य आहे. गेस्टमध्ये शिरण्यापूर्वी इंटेलचा प्रोसेसर त्याची सर्व रजिस्टरे (प्रोसेसरमधील छोटे कप्पे), सेगमेंट, नियंत्रण बिट तपासून पाहतो. फ्लॅग्ज रजिस्टरमधील १ क्रमांकाचा बिट नेहमी १ असलाच पाहिजे, अमुक बिट लागले असतील तर तमुक लागलेच पाहिजेत, असे कितीतरी नियम इंटेलच्या ग्रंथात पानेच्या पाने लिहिलेले आहेत. यांतला एक जरी मोडला तरी प्रोसेसर प्रवेश नाकारतो. मात्र कोणता मोडला, ते सांगत नाही. मग केव्हीएमचा 'डम्प इनव्हॅलिड व्हीएमसीएस' हा पर्याय चालू करायचा, कर्नलच्या लॉगमध्ये ती संपूर्ण स्थिती छापून घ्यायची आणि ग्रंथ शेजारी ठेवून एकेक रकाना ताडून पाहायचा. याला बुद्धिमत्तेपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि लातूर पॅटर्नच्या या प्रदेशात मुलांना चिकाटी शिकवावी लागत नाही. ती चिकाटी अकरावी-बारावीनंतर आपण वापरतच नाही, हे दुखणे आहे.

दुसरा प्रकार गेस्ट अधूनमधून गोठण्याचा. येथे छापील ओळी घालून शोध घेण्याची महाविद्यालयात लागलेली सवय उपयोगी पडत नाही, कारण ओळ छापण्यात जो वेळ जातो तेवढ्यानेही दोन प्रोसेसरांमधली वेळेची शर्यत बदलते आणि दोष दिसेनासा होतो. म्हणून कर्नलमध्ये 'एफट्रेस' नावाची हलकी नोंदयंत्रणा आहे. 'ट्रेस-सीएमडी' हे साधन वापरून केव्हीएमच्या प्रत्येक एक्झिटची नोंद घेतली की काही क्षणांतच हजारो ओळी जमा होतात. त्यांत एकाच पत्त्यावर 'ईपीटी व्हायोलेशन' (गेस्टच्या मेमरीचे पान नकाशात न सापडल्याची नोंद) पुन्हा पुन्हा येत असेल तर गेस्ट मेमरीचे एक पान मागतो आहे, कर्नल ते दिल्यासारखे करतो आहे आणि प्रत्यक्षात ते पान त्याला मिळत नाही, असा फेरा चालू आहे, हे ओळखता येते. इंटरप्टखेरीज दुसरे एक्झिटच होत नसतील तर गेस्ट स्वतःच्याच एखाद्या लूपमध्ये फिरतो आहे आणि शोध तिकडे वळवायचा.

आणि जुन्या कर्नलवर चालणारे नव्यावर चालत नसेल तर 'गिट बायसेक्ट' हे साधन आहे. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येकीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. मधला बदल घेऊन कर्नल बांधायचा, चाचणी करायची, चांगला की वाईट ते नोंदवायचे. प्रत्येक फेरीत निम्मे बदल बाद होतात, त्यामुळे चौदा-एक फेऱ्यांत नेमका दोषी बदल हाती येतो. या पद्धतीने दोष शोधणाऱ्याला कर्नलची संपूर्ण रचना माहीत असण्याची गरज नसते. वेळ हवा, वीज हवी आणि प्रत्येक फेरीत चाचणी तीच ठेवण्याची शिस्त हवी. तृतीय वर्षाचा विद्यार्थी हे नक्कीच करू शकतो, आणि असा नीट शोधून काढलेला दोष कळवणाऱ्याची केव्हीएमची देखभाल करणाऱ्या मंडळींत मोठी कदर होते.

आता कुलपाविषयी. मराठवाड्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात व्याख्यानासाठी गेलो असता विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक दाखवावे म्हणून मी प्रयोगशाळेतील संगणकावर लिनक्स सुरू केले. केव्हीएमचे मोड्यूल चढवताच लॉगमध्ये ओळ आली: 'डिसेबल्ड बाय बायोस'. प्रोसेसर चांगला, मेमरी पुरेशी, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीनची सोय) बंद. आणि बायोसला पासवर्ड. पासवर्ड प्रयोगशाळा साहाय्यकांना माहीत नव्हता, तो संगणक बसवून देणाऱ्या पुरवठादाराकडे होता, आणि त्या पुरवठादाराचा देखभाल करार संपलेला होता. दुसऱ्या एका ठिकाणी बायोस खुले होते, परंतु '/डेव्ह/केव्हीएम' ही केव्हीएम वापरण्यासाठी लागणारी फाइल उघडण्याची परवानगी विद्यार्थ्यांच्या खात्यांना नव्हती आणि ती का द्यायची, हे तिथल्या व्यवस्थापकांना पटत नव्हते. व्हर्च्युअलायझेशन चालू केल्याने यंत्र संथ होते किंवा विषाणू येतात, असाही एक समज ऐकला. प्रोसेसरमधली ही सोय कोणी वापरत नसेल तर नुसती पडून राहते; तिने यंत्र संथ होत नाही. लाखो रुपये खर्चून घेतलेल्या यंत्रांचा सर्वांत शिकण्याजोगा भाग अशा रीतीने बंद ठेवण्यात आपण काय मिळवतो, हे मला समजलेले नाही.

कर्नलवर प्रयोग केला तर प्रयोगशाळेची यंत्रे बंद पडतील ही भीती समजण्यासारखी आहे, परंतु तिचे उत्तर केव्हीएममध्येच आहे. व्हर्च्युअल मशीनच्या आत पुन्हा व्हर्च्युअल मशीन चालवता येते. इंटेलच्या प्रोसेसरवर ही सोय ४.२० या कर्नलपासून आपोआप चालू असते. विद्यार्थ्याने आपला बदललेला कर्नल आतल्या मशीनमध्ये चालवावा आणि त्याच्याही आत चाचणीचा गेस्ट. कर्नल कोसळला तर आतले मशीन कोसळेल, बाहेरच्या यंत्राला धक्का लागणार नाही, आणि बाहेरून क्यूएमूच्या मार्गे 'जीडीबी' हे दोष शोधण्याचे साधन जोडून कोसळलेल्या कर्नलचा पंचनामाही करता येईल. एक सूचना मात्र करून ठेवतो, कारण इथे नवख्यांचे दिवसच्या दिवस वाया जातात: आतला कर्नल 'नो-केएएसएलआर' हा पर्याय देऊन सुरू करावा, नाही तर कर्नल दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी बसतो आणि जीडीबीला फंक्शनांचे पत्ते जुळत नाहीत. कर्नल बांधायला तासन् तास लागतात ही तक्रारही 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' वापरले तर बरीचशी मिटते, कारण मग त्या यंत्राला लागतात तेवढेच ड्रायव्हर बांधले जातात.

यंत्रे जुनी आहेत, निधी नाही, हे कारणही मी मान्य करणार नाही. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर रचनेसाठी केव्हीएम लिहिण्याचे काम अनुप पटेल या भारतीय अभियंत्याच्या पुढाकाराने झाले. त्याचे पहिले पॅच (कोडमधील बदलांचे प्रस्ताव) २०१९ मध्ये आले, तेव्हा ते चालवता येईल असा प्रोसेसर बाजारात नव्हता. ते क्यूएमूने उभ्या केलेल्या नकली प्रोसेसरवर चालवून, तपासून, दुरुस्त करून घेतले गेले. रिस्क-फाइव्हच्या नियमावलीतील संबंधित भाग अधिकृत होईपर्यंत ते कर्नलबाहेर थांबले आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.१६ या आवृत्तीत सामील झाले. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे देशी प्रोसेसर याच रिस्क-फाइव्ह रचनेचे आहेत, त्यामुळे या कामाला देशात पुढेही मागणी राहील असे मानायला जागा आहे. ज्या प्रोसेसरचे अस्तित्वच नव्हते त्यावरचे काम क्यूएमूवर होऊ शकते, तर साध्या लॅपटॉपवर आपल्या विद्यार्थ्याला काय अशक्य आहे?

केव्हीएम-क्यूएमूमधील दोषांचे गांभीर्य कितपत, असा प्रश्न वाचकांना पडेल. २०१५ साली क्यूएमूमध्ये 'व्हेनम' नावाने गाजलेला दोष सापडला. तो होता फ्लॉपी डिस्कच्या नियंत्रकाच्या कोडमध्ये, म्हणजे ज्या उपकरणाचे तोंड आजच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेलेही नाही. आणि तरीही त्यातून एका ग्राहकाच्या व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर पडून होस्ट यंत्रावर जाण्याची वाट निघत होती. केव्हीएममधून असे पूर्ण बाहेर पडून दाखवणाऱ्याला गुगलने २०२४ मध्ये अडीच लाख डॉलरपर्यंतचे बक्षीस लावले.

आता महाविद्यालयांकडून काय अपेक्षा आहे, ते सांगतो. मराठवाड्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि काही स्वायत्त आहेत; अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे विषय ठरवताना दोन्हीकडे शिक्षकांना बरीच मोकळीक असते. हे प्रकल्प बाजारात तयार मिळतात, हे उघड गुपित आहे, आणि त्यांतली हजेरीपटाची व ग्रंथालयाची तीच ती सॉफ्टवेअरे वर्षानुवर्षे सादर होतात. त्याऐवजी केव्हीएममधील एखादा दोष पुन्हा घडवून दाखवणे, त्याचे मूळ शोधणे, त्यासाठी चाचणी लिहिणे, हा प्रकल्प म्हणून स्वीकारावा. कर्नलच्या कोडच्या संग्रहातच केव्हीएमच्या स्वयंचाचण्यांचा स्वतंत्र विभाग आहे, शिवाय 'केव्हीएम युनिट टेस्ट्स' हा वेगळा संग्रह आहे. एकेका वैशिष्ट्यासाठी लहानसा गेस्ट लिहिलेला असतो आणि तो वाचून समजून घेणे चौथ्या वर्षाच्या आवाक्यातले आहे. पॅच स्वीकारला गेलाच पाहिजे अशी अट मात्र घालू नये. पाओलो बोन्झिनी आणि शॉन ख्रिस्तोफरसन ही देखभाल करणारी मंडळी काटेकोर आहेत, पहिला पॅच बहुधा परत येतो, आणि का परत आला हे सर्वांसमक्ष लिहिलेले असते. विद्यार्थ्याच्या कामाचा कस त्या उत्तराला त्याने काय प्रत्युत्तर दिले, यावरून महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षकांपेक्षा अधिक चांगला कळेल.

तसेच आकड्यांच्या मागे लागू नये. 'आमच्या महाविद्यालयाचे इतके पॅच' असा फलक प्रवेशद्वारावर लावायचा म्हणून शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या किंवा यंत्राकडून लिहवून घेतलेले न समजलेले बदल पाठवले, तर ज्यांचा वेळ वाया जाईल ते संपूर्ण संस्थेचेच नाव लक्षात ठेवतील. २०२१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी मुद्दाम दोष असलेले पॅच पाठवून पाहिल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा कर्नलच्या देखभालकर्त्यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे सर्वच बदल नाकारण्याचा निर्णय घेतला होता. पॅचवर 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लिहिणे म्हणजे हा बदल देण्याचा मला अधिकार आहे अशी नावानिशी हमी असते. प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावरील प्रमाणपत्राइतक्या सहजतेने त्यावर सही करता येत नाही, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.

या एका कामाने सर्वांना नोकऱ्या मिळतील असा माझा दावा नाही; केव्हीएमवर पूर्णवेळ काम करणारे लोक जगभरात मोजकेच आहेत. परंतु पुण्या-बंगळुरूच्या मुलाखतीत प्रमाणपत्र दाखवणाऱ्या शंभर उमेदवारांमध्ये ज्याला ट्रेसची नोंद वाचता येते तो वेगळा उठून दिसतो, हे मी मुलाखतीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले आहे.

उन्हाळी सुट्टीत बहुतेक महाविद्यालये प्रयोगशाळांची देखभाल करून घेतात. त्याच वेळी पुरवठादाराकडून बायोसचे पासवर्ड लेखी मागवून घ्यावेत, प्रत्येक यंत्रावर व्हर्च्युअलायझेशन चालू करावे आणि विद्यार्थ्यांची खाती 'केव्हीएम' गटात टाकावीत. एका यंत्रामागे काही मिनिटांचे हे काम आहे आणि त्याला कोणत्याही निविदेची गरज नाही. काम झाले की नाही हे पाहायला प्राचार्यांनी संगणकतज्ज्ञ असण्याचीही गरज नाही. विद्यार्थ्याच्या खात्यातून लॉगिन करावे आणि '/डेव्ह/केव्हीएम' उघडते का, एवढे पाहावे.

आपला नम्र,
एक संगणक अभियंता, लातूर